पप्पा आज किती घेऊन आलेत?

लालबाग-परळच्या चाळीत जी पोरं दारुड्या बापाच्या घरात वाढली त्यांना विचारा, लाकडी जिन्यावर पाय वाजले की कळायचं आज किती झालीय, सरळ चढतोय की मधेच कठडा धरून थांबतोय, आणि त्यावर ठरायचं की अभ्यासाला बसायचं की चादर डोक्यावर ओढून झोपेचं सोंग घ्यायचं. पगाराच्या दिवशी तर कान जिन्यातच. आज तीच पोरं पन्नाशीला आली, बदलापूरला सातव्या मजल्यावर राहतात, तरी रात्री उशिरा लिफ्टचं दार वाजलं की पोटात गोळा येतो. पण तेव्हा नक्की काय व्हायचं असं विचारलं तर नीट सांगताच येत नाही.

यात नाटक काही नाही. भीती शिकणारा अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग खूप लवकर कामाला लागतो, आणि कुठे, कधी, कोण होतं हे सगळं एकत्र बांधणारा हिप्पोकॅम्पस तयार व्हायला बरीच वर्षं घेतो. म्हणूनच तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं कुणालाच फारसं आठवत नाही, पण आवाजाची धास्ती तेवढ्यात बसून गेलेली असते. वासाचं तर विचारूच नका, नाकातून अमिग्डालाला जवळजवळ थेट रस्ता आहे, त्यामुळे देशीचा भपकारा आला की आठवण यायच्या आधी अंगावर काटा येतो.

अमेरिकेत सेथ पोलाक यांनी मारहाण झालेल्या मुलांना पुसट चेहऱ्यांचे फोटो हळूहळू स्पष्ट करत दाखवले (2002), तर राग त्यांना इतर मुलांच्या आधी ओळखू आला. ही काही सगळी दारुड्यांची मुलं नव्हती, पण जिन्यावरचे पाय ओळखणं म्हणजे तेच की.

सगळ्यांचंच वाटोळं होतं असंही नाही बरं का. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांवर एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, त्यात दारू, गरिबी, भांडणं अशा घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली निघाली आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेक एखादं तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. चाळीत ती शेजारची काकू असायची, 'आज इथेच जेव रे, भात जास्त झालाय' म्हणणारी, आणि भात काही जास्त झालेला नसायचा.

आता भावंडांचं भांडण. दादा म्हणतो पप्पा आईला मारायचे, ताई म्हणते काहीतरीच, असं कधी झालंच नाही, आणि दिवाळीला जेवणाच्या ताटावरच जुंपते. एकतर वयाचा फरक, ताई दादाहून लहान, ती तेव्हा झोपलेली असायची. दुसरं म्हणजे 1986 मधे विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांना दिसलं की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांना एखादा शब्द देऊन आठवण विचारली की ते ठराविक प्रसंग सांगतच नाहीत, मोघम बोलतात, 'रोजचंच होतं ते' या थाटात. पुढे लहानपणी खूप सोसलेल्यांमधेही असा मोघमपणा दिसला. आणि 2004 मधे हार्ट आणि रटर यांनी मोठ्यांनी सांगितलेल्या लहानपणच्या आठवणींवरचे जुने अभ्यास तपासले तेव्हा वाईट घडलंच नसताना घडलं म्हणणारे कमी निघाले, घडलेलं असून न सांगणारे बरेच जास्त. म्हणजे माझं झुकतं माप दादाकडे, पण ताई खोटं बोलतेय असं मी तरी म्हणणार नाही.

हे कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर दारुड्यांच्या घरच्यांसाठी 1951 साली सुरू झालेल्या अल-अनॉनच्या मीटिंगा मुंबईतही होतात, आणि बाप जाऊन वर्षं झाली असली तरी जाता येतं.