सकाळी नऊ वाजताचं गणित

बँकेच्या शाखेत किंवा कॉल सेंटरमध्ये अनेकदा टेबलावर खरा कॉम्प्युटर नसतोच. असतो फक्त पडदा, कीबोर्ड, माउस आणि थिन क्लायंट नावाची वहीएवढी डबी. विंडोज, फाइली, सॉफ्टवेअर सगळं चालतं दूरच्या सर्व्हरवर, टेबलापर्यंत पोचतं ते पडद्यावरचं चित्र. हेच डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन. एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवण्याची कल्पना तशी जुनी. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती.

अशी व्यवस्था आखायला बसलं की चर्चा प्रोसेसर आणि मेमरीपासून सुरू होते. माझ्या मते सुरुवात डिस्कपासून करायला हवी, कारण बिनसतं ते बहुतेक वेळा तिथेच.

समजा ५०० डेस्कटॉप आहेत आणि काम चालू असताना प्रत्येक जण डिस्ककडे सेकंदाला दहा वेळा काहीतरी वाचायला किंवा लिहायला जातो. झाल्या सेकंदाला ५,००० फेऱ्या. डिस्कमधल्या, मिनिटाला १५,००० वेळा फिरणाऱ्या चकतीला एक फेरा पूर्ण करायला ४ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा समोर येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय वाचणारी सुई सरकायला आणखी तीनचार मिलिसेकंद. म्हणजे एक डिस्क सेकंदाला जेमतेम १८० कामं उरकते. अशा २८ डिस्क पुरतील, असं कागदावर दिसतं.

पण त्या फेऱ्यांत लिहिणं किती? कामाच्या वेळी डेस्कटॉप वाचण्यापेक्षा लिहितोच जास्त. सत्तर टक्के धरा. आणि डिस्क रेड-५ पद्धतीने, म्हणजे एखादी बिघडली तरी माहिती परत मिळावी म्हणून सोबत पडताळणी-नोंद ठेवत, जोडलेल्या असतील, तर एका छोट्या लिखाणासाठी चार कामं होतात: जुनी माहिती वाचा, जुनी पडताळणी-नोंद वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. वाचनाची १,५०० आणि लिखाणाची १४,०००, मिळून १५,५०० कामं. २८ डिस्कच्या जागी ८७ लागतात! हे गणित न मांडता यंत्रणा उभी केली, तर सर्व्हर मोकळे बसतात आणि माणसं पडद्यावरच्या फिरत्या गोलाकडे बघत राहतात.

त्यात सकाळी नऊला सगळे एकदम डेस्कटॉप सुरू करतात. याला बूट स्टॉर्म म्हणतात. सुरू होताना डेस्कटॉपची भूक कित्येक पट वाढते, त्यामुळे दिवसभराच्या सरासरीवर आखणी करणं धोक्याचं. गंमत अशी, की सगळे डेस्कटॉप एकाच मूळ प्रतीवरून, म्हणजे गोल्डन इमेजवरून बनवले असतील, तर ५०० जण वाचतात त्याच त्या फाइली. त्या एकदा सर्व्हरच्या मेमरीत ठेवल्या की डिस्ककडे जायला नको. लिखाण मात्र प्रत्येकाचं वेगळं, त्याला ही युक्ती लागू पडत नाही. या क्षेत्राला खरा हात दिला तो न फिरणाऱ्या एसएसडीने, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कने. ती सेकंदाला हजारो कामं सहज करते.

अंतराला मात्र कोणतंच यंत्र हरवू शकत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, म्हणून आणखी जास्त. सर्व्हर लंडनला असेल तर मुंबईत टाइप केलेलं अक्षर तेवढं उशिरा उमटणार. मजकूर टाइप करणाऱ्याला ते चालून जाईल, नकाशे आणि आराखडे काढणाऱ्याला नाही. म्हणून डेटा सेंटरची, म्हणजे सर्व्हर ठेवण्याची, जागा स्वस्त भाड्यावर नव्हे, वापरणाऱ्यांच्या कामावर ठरवावी.

बिघाडाचाही हिशेब हवा. पाच सर्व्हरवर शंभर-शंभर डेस्कटॉप असताना एक बंद पडला, तर उरलेल्या चौघांवर प्रत्येकी १२५ येतात. तेवढी मेमरी मोकळी नसेल तर शंभर माणसं रिकामी बसतात. सहावा सर्व्हर पहिल्या दिवसापासूनच घ्यावा.

हे सगळे आकडे दुसऱ्या कुणाच्या माहितीपत्रकातून उचलू नयेत. आपल्याच हिशेब विभागातल्या काही कॉम्प्युटरांवर मोजणी लावावी आणि त्यात महिनाअखेरचे दिवस नक्की यावेत.