बाष्पदाब आणि ज्वलनशीलता

बंद पात्रात द्रव आणि त्याचे बाष्प समतोलात आले असता बाष्पाचा जो दाब असतो, त्याला त्या तापमानाचा बाष्पदाब म्हणतात. हवेत पेट घेऊन जळत राहण्याची पदार्थाची क्षमता म्हणजे ज्वलनशीलता. पेटलेल्या द्रवात प्रत्यक्षात जळते ते हवेत मिसळलेले बाष्प, म्हणून बाष्पदाब जितका जास्त तितका द्रव अधिक ज्वलनशील, अशी समजूत सहज होते. ती अर्धीच खरी आहे. २०° से. तापमानाला ॲसिटोनचा बाष्पदाब सुमारे २४ किलोपास्कल, तर क्लोरोफॉर्मचा सुमारे २१ किलोपास्कल असतो. तरीही ॲसिटोन ठिणगीने भडकते आणि क्लोरोफॉर्म एरवी पेटत नाही. बाष्पदाब रेणूंमधील आकर्षणावर ठरतो, तर ज्वलन रेणूंच्या ऑक्सिजनशी होणाऱ्या विक्रियेवर.

जळू शकणाऱ्या द्रवांपुरता मात्र या दोहोंचा संबंध अगदी घट्ट आहे. बाष्प पेटण्यासाठी हवेतील त्याचे प्रमाण एका किमान मर्यादेइतके तरी असावे लागते, आणि ज्या तापमानाला द्रवावरील बाष्प ही मर्यादा गाठून ज्योतीने क्षणभर पेटते, तो त्याचा प्रज्वलनांक होय. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असल्याने १ किलोपास्कल बाष्पदाब म्हणजे जवळजवळ १ टक्का बाष्प, ही गोष्ट आकडेमोडीला फार सोयीची आहे: टोल्यूइनची किमान मर्यादा सुमारे १.१ टक्का आहे आणि त्याचा बाष्पदाब १.१ किलोपास्कलच्या आसपास पोहोचतो तो ४° से.ला, म्हणजे नेमका त्याच्या प्रज्वलनांकाशी. उंच प्रदेशात हवेचा दाब कमी असल्यामुळे हेच प्रमाण आणखी कमी तापमानाला गाठले जाते.

मर्यादा वरच्या बाजूलाही असते. २०° से.ला बंद बाटलीतील ईथरचे बाष्प सुमारे ५८ टक्के होते, तर त्याची कमाल मर्यादा सुमारे ३६ टक्के असल्याने ते मिश्रण ऑक्सिजनअभावी पेटत नाही. बाटली उघडताच बाष्प हवेने विरळ होते आणि धोका सुरू होतो. याउलट केरोसीनचा बाष्पदाब नेहमीच्या तापमानाला इतका अल्प असतो, की त्याच्या साठ्यावर पेटण्याजोगे बाष्प सहसा जमत नाही, पण वातीवर किंवा सूक्ष्म तुषारांच्या रूपात ते लवकर तापून बाष्प देते आणि तत्काळ पेटते.