पाल्स अभ्यासक्रम: ऑनलाइन भाग संपला म्हणजे कार्ड मिळाले असे नव्हे

ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्णालयांत पीआयसीयू (बालकांचा अतिदक्षता विभाग) किंवा कॅज्युअल्टीसाठी अर्ज करणाऱ्या अनेक परिचारिकांचे आणि निवासी डॉक्टरांचे अर्ज एकाच कारणाने परत येतात. पाल्स (पीडियाट्रिक ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) म्हणजे गंभीर आजारी बालकांचे प्राण वाचवण्याच्या प्रगत उपचारांचा अभ्यासक्रम. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘हार्टकोड पाल्स’ या त्याच्या ऑनलाइन व प्रत्यक्ष अशा दोन टप्प्यांच्या प्रकारातील ऑनलाइन भाग आणि त्यातील परीक्षा पूर्ण झाल्यावर जे प्रमाणपत्र डाउनलोड करता येते, तेच अंतिम कार्ड समजून अर्जाला जोडलेले असते. प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र घेऊन अधिकृत प्रशिक्षण केंद्रात जायचे, प्रशिक्षकासमोर कौशल्य चाचणी द्यायची आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच कार्ड मिळते. शुल्क भरण्यापूर्वी कौशल्य सत्राची तारीख केंद्राकडून लेखी घ्यावी, कारण घरबसल्या पूर्ण प्रमाणपत्र देतो असे सांगणाऱ्या जाहिराती फसव्या असतात.

गंभीर आजारी बालकांवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका व पॅरामेडिक हा अभ्यासक्रम करू शकतात. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मुख्य कार्यालय जुईनगरला आहे आणि त्या संस्थेचा स्वतःचा ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट अभ्यासक्रमही आहे. परंतु ते प्रमाणपत्र वेगळे, त्यामुळे पदाच्या जाहिरातीत नेमके कोणते मागितले आहे हे आधी वाचावे.

कागदपत्रांपैकी कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र सर्वांकडे असते. अडते ते बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे प्राथमिक जीवरक्षक प्रशिक्षण) कार्डावर. बहुतेक केंद्रे ते मागतात, आणि त्याची मुदत दोनच वर्षांची असल्याने महाविद्यालयात असताना काढलेले कार्ड केव्हाच संपलेले असते. दुसरी अडचण नावाची. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, अशी स्थिती असलेल्या भगिनींनी ऑनलाइन खाते उघडतानाच नोंदणीवरील नाव इंग्रजी स्पेलिंगसह जसेच्या तसे लिहावे आणि विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवावी. खात्यात लिहिलेले नावच पुढे कार्डावर येते, आणि एका अक्षराच्या फरकावरून अर्ज बाजूला ठेवणारी मनुष्यबळ कार्यालये दुर्दैवाने कमी नाहीत.

कौशल्य चाचणीत लेखी भागात उत्तम गुण मिळवलेले उमेदवारही अडखळतात. बाळाला दोन बचावकर्ते सीपीआर (छातीवर दाब व कृत्रिम श्वास) देत असतील तर प्रमाण १५ दाबांमागे २ श्वास असे असते, एकटा असेल तर ३० मागे २. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली छातीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश, म्हणजे तान्ह्या बाळात सुमारे ४ सेंटिमीटर. २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तान्ह्या बाळासाठी दोन बोटांनी दाबण्याची जुनी पद्धत वगळली असून दोन्ही हातांनी छाती वेढून अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या टाचेने दाब द्यायचा असतो. जुन्या व्हिडिओंवरून सराव केलेल्यांची बोटे सरावाच्या पुतळ्यावर आपोआप जुन्याच जागी जातात, म्हणून सत्रापूर्वी उशीवर का होईना, हात बसवून घ्यावा. रात्रपाळी संपवून थेट सत्राला येणे शक्यतो टाळावे.

उत्तीर्ण झाल्यावर ई-कार्ड स्वीकारण्याचा दुवा ईमेलवर येतो. तो स्पॅममध्ये पडून राहिला तर कार्ड हाती येत नाही, म्हणून रुग्णालयाच्या ईमेलऐवजी स्वतःचा कायमचा ईमेल द्यावा. काही कार्यालये अजूनही शिक्क्याची मूळ प्रत मागतात. त्यांना कार्डावरील कोड द्यावा, तो असोसिएशनच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. कार्डाची मुदत ज्या महिन्यात ते मिळाले त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन वर्षे धरली जाते, आणि ही मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाच्या सत्राची जागा राखून ठेवावी.