तात, तार आणि जुन्या गिटारचा ‘मूळ’ आवाज

जुन्या गिटारचा ‘मूळ’ आवाज नेमका कशाचा, आतड्याचा, नायलॉनचा की पोलादाचा, हा वाद मराठीत मांडायचा तर आधी शब्दच अडतो. तार म्हणजे धातूची. मेंढीच्या आतड्याची ती तात. सारंगीवर गज फिरतो तो तातीवर; तिच्याखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तरफा तेवढ्या तारा. या हिशेबाने एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारीला वरच्या पट्टीत एकही तार नव्हती, तिन्ही ताती होत्या. खर्जाच्या तिघींच्या पोटात रेशीम, वरून धातूचा वेढा.

आज ‘क्लासिकल’ म्हटलं की नायलॉन, आणि तेच परंपरागत, असं सगळे धरून चालतात. पण नायलॉन जाहीर झालं १९३८ मध्ये. अमेरिकेत पोलादी तारा त्याआधीच रुळल्या होत्या. १९२० च्या दशकात तिथले कारखाने वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्याही पोलादाच्या ओढीच्या बेताने बसवू लागले होते. म्हणजे नायलॉन पोलादाहून धाकटं.

दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा माल जखमांच्या टाक्यांकडे वळला (डॉक्टरांचं कॅटगट ते हेच, मांजराचा संबंध नाही). तातीची टंचाई झाली, न्यूयॉर्कच्या एका कारागिराने नायलॉनचा दोरा गिटारीवर चढवला, एका जगप्रसिद्ध स्पॅनिश वादकाने तो उचलून धरला आणि थोड्याच वर्षांत तात मागे पडली. हा निकाल आवाजावर लागला असं मोठ्या भक्तिभावाने सांगितलं जातं. माझ्या मते तो टिकाऊपणावर लागला. तात दमट हवेत सुरातून उतरते, नखाखाली उसवते आणि ऐन मैफलीत तुटते.

आवाजाचा हिशेब वेगळाच आहे. पाण्याची घनता १ धरली तर तातीची साधारण १.३, नायलॉनची १.१४. तोच सूर त्याच ताणावर हवा तर नायलॉन जाड घ्यावं लागतं, आणि जाड दोरा मंद बोलतो. सर्वांत जास्त फटका वरच्या तिघींत जाड असलेल्या तिसरीला. शंभर वर्षांच्या गिटारीची तिसरी भद्द लागली की दोष लाकडाला दिला जातो, आणि हे मला पटत नाही. उलट टोक पोलादाचं: नायलॉनच्या संचाची एकूण ओढ चाळीस किलोच्या आसपास, हलक्या पोलादाचीही सत्तरच्या वर. तातीसाठी बांधलेल्या गिटारीची वरची फळी त्याने फुगते, ब्रिज, म्हणजे फळीवर तारा बांधायची पट्टी, उखडतो.

पुढे फ्लुरोकार्बन नावाचं प्लास्टिक आलं, घनता १.७८ च्या आसपास, म्हणून बारीक आणि चकचकीत आवाजाचं. इटलीत तातीइतक्याच घनतेचं कृत्रिम द्रव्यही तयार झालं. पण बरेच वादक फक्त तिसरी फ्लुरोकार्बनची लावतात. पहिल्या दोन नायलॉनच्याच.