एका सेंटचा बर्गर आणि सहाशे फुटांची अट

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने आपला व्हॉपर हा नावाजलेला बर्गर एका सेंटला देऊ केला. अट मात्र चक्रावणारी होती. ऑर्डर कंपनीच्या ॲपवरूनच द्यायची आणि ॲपमधली ही ऑफर खुली व्हायला मॅकडोनल्ड्सच्या एखाद्या दुकानापासून ६०० फुटांच्या आत जायचं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभं राहून फोन काढायचा, ऑर्डर नोंदवायची आणि मग ॲप दाखवेल त्या वाटेने बर्गर किंग गाठायचं. लोकांना गंमत वाटली, बातम्या झाल्या आणि ९ दिवसांत ते ॲप सुमारे १५ लाख फोनांवर जाऊन बसलं.

आवळा देऊन कोहळा काढला, असं कुणीही म्हणेल. पण कोहळा नेमका कोणता? त्या बर्गरवर कंपनीला काही सुटणार नव्हतं. तिला हवी होती ग्राहकाच्या फोनमधली जागा. गल्ल्यावर रोख देऊन जाणारा माणूस निनावी असतो. तो पुन्हा कधी आला, आलाच का, हे कळायला मार्ग नसतो. ॲपवरून ऑर्डर देणाऱ्याची वेळ, आवड, दोन फेऱ्यांमधलं अंतर, सगळं नोंदलं जातं. आणि सरळ फुकट न देता एक सेंट का घेतला? माझा तर्क असा की सेंटभर का होईना, पैसे भरायचे तर कार्डाचा तपशील ॲपमध्ये भरावा लागतो. तो एकदा भरला की पुढची ऑर्डर देणं फार सोपं होतं.

तेव्हापासून अशी कुठलीही ऑफर दिसली की मी सवलतीआधी अट वाचतो. कंपनीला काय हवंय ते अटीत लिहिलेलं असतं.

‘विक्री वाढवणे’ हे उद्दिष्ट विपणनवाल्यांच्या लेखी फारच ढोबळ आहे. विक्री म्हणजे किती जण आले, किती वेळा आले आणि दर खेपेला किती खर्च करून गेले, यांचा गुणाकार. या तिन्ही गोष्टी वाढवण्याचे उपाय वेगळे आहेत, आणि एका मोहिमेकडून तिन्ही मागितल्या की बहुतेक वेळा गोंधळ होतो. मॅकडोनल्ड्सने १९९७ मध्ये तो करून दाखवला. बिग मॅक हा आपला बर्गर ५५ सेंटला, अशी जाहिरात तिने अमेरिकेत केली; पण तो त्या भावात मिळायला सोबत फ्राइज आणि पेय घ्यावं लागे. स्वस्ताईने माणसं खेचायची आणि जोडीच्या पदार्थांनी बिलही फुगवायचं, असा बेत होता. ५५ सेंट घेऊन आलेल्या माणसाला गल्ल्यावर अट कळली की तो खट्टू व्हायचा. काही आठवड्यांतच मोहीम गुंडाळावी लागली.

याउलट ‘सकाळी अमुक वाजेपर्यंतच’ ही अट पाहा. दुकानाचं भाडं, शेगड्या, फ्रीज यांचा खर्च दुकान रिकामं असलं तरी चालूच असतो. मॅकडोनल्ड्सच्या एका दुकानचालकाने १९७२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात अंड्याचा मफिन विकायला सुरुवात केली तेव्हा त्याला जुन्याच भिंतींत दिवसाची एक नवी पाळी सापडली. दुपारच्या सुस्त तासांतली पेयांची सवलत याच जातीची. गर्दीच्या वेळी ती कधी मिळत नाही, कारण जो येणारच आहे त्याला सूट देऊन काय साधणार?

‘अमुक पेल्यांवर एक मोफत’ या योजनेचा रोख फेऱ्यांवर असतो, आणि तिच्यामागचं मानसशास्त्र मला सगळ्यात रंजक वाटतं. १९३० च्या दशकात क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की बोळातून पळणारा उंदीर खाण्याजवळ पोचत जातो तसा त्याचा वेग वाढतो. माणसांचंही असंच काहीसं होतं. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मोटारी धुण्याच्या केंद्रावरचा आहे, पण खाद्यसाखळ्यांना तंतोतंत लागू पडतो. काही ग्राहकांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं. बाकीच्यांना १० शिक्क्यांचं, पण त्यावर २ शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही अजून ८ वेळाच मोटार धुवायची होती. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, शिक्के मारलेलं ३४ टक्के लोकांनी. नवीन ॲप उघडताच ‘स्वागताचे गुण’ का मिळतात, हे यावरून लक्षात यावं. सुरुवात झालेलं काम अर्धवट टाकायला मन धजत नाही.

‘मर्यादित काळासाठी’ हे शब्द प्रामुख्याने वाट विसरलेल्यांसाठी असतात. मॅकडोनल्ड्सचा मॅकरिब हा डुकराच्या मांसाचा सँडविच १९८१ मध्ये आला आणि काही वर्षांनी यादीतून गेला. पुढे तो अधूनमधून परतत राहिला, आणि प्रत्येक वेळी परतणं हीच बातमी झाली. कायम मिळणाऱ्या पदार्थाची बातमी होत नाही. दुर्मीळतेचा परिणाम स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बिस्किटांवर तपासला होता: बरणीत दोनच बिस्किटं असली की चाखणाऱ्यांना ती दहा असलेल्या बरणीतल्यापेक्षा अधिक हवीहवीशी वाटली. बिस्किटं तीच होती. मात्र टंचाई ठरवून आणणं वेगळं आणि ओढवून घेणं वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये पॉपआइज या खाद्यसाखळीचं नवं चिकन सँडविच दोनेक आठवड्यांत अमेरिकाभर संपलं. गाजावाजा अफाट झाला, पण ते परत यायला नोव्हेंबर उजाडला.

लहान मुलांच्या बाबतीत मला हात आखडता घेऊन लिहिता येत नाही. जेवणासोबत खेळणं देण्यामागचं गणित असं की चौघांचं कुटुंब कुठे जेवणार याचा फैसला पाच वर्षांच्या मुलाच्या हट्टाने होऊ शकतो. खेळणं एकाला आणि बिल चौघांचं. शिवाय खेळण्यांचा संच असतो, म्हणजे पुन्हा फेऱ्या आल्याच. १९९७ मध्ये मॅकडोनल्ड्सने आणलेल्या चिमुकल्या बीनी बेबीज या खेळण्यांचे सुमारे १० कोटी नग पाच आठवडे पुरतील असा अंदाज होता. ते दोनेक आठवड्यांतच उडाले. आणि वेष्टणाची जादू किती खोल जाते? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ साध्या आणि मॅकडोनल्ड्सच्या वेष्टणात चाखायला दिला. गाजरसुद्धा अधिक मुलांना मॅकडोनल्ड्सच्या वेष्टणातलंच चवदार लागलं, आणि ती गाजरं मॅकडोनल्ड्सची नव्हतीच. सॅन फ्रान्सिस्कोने पोषणाच्या अटी न पाळणाऱ्या जेवणासोबत फुकट खेळणं देण्यावर बंदी आणली. ती डिसेंबर २०११ मध्ये लागू झाली तेव्हा कंपनीने खेळण्याला १० सेंट आकारायला सुरुवात केली. खेळणं आता फुकट नव्हतं, कायदा पाळला गेला.

आतापर्यंत ‘कंपनी’ असं एकवचनी लिहिलं, पण ते पूर्ण खरं नाही. बहुतेक दुकानं फ्रँचायझीवर चालतात, म्हणजे नाव कंपनीचं आणि मालक वेगळा. दुकानमालक एकूण विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी रॉयल्टी देतो, स्वतः मात्र नफ्यावर जगतो. त्यामुळे विक्री वाढवून नफा खाणारी ऑफर मूळ कंपनीला गोड आणि मालकाला कडू लागू शकते. २००९ मध्ये बर्गर किंगच्या अमेरिकेतल्या फ्रँचायझीधारकांच्या संघटनेने याच कारणाने कंपनीवर दावा लावला. एक डॉलरला विकायच्या डबल चीजबर्गरला आम्हाला निदान १ डॉलर १० सेंट खर्च येतो, असं तिचं म्हणणं होतं. मॅकडोनल्ड्सने २००८ च्या अखेरीस आपल्या एक डॉलरच्या पदार्थांच्या यादीतल्या डबल चीजबर्गरच्या जागी चीजचा एक काप कमी असलेला मॅकडबल आणला होता. पाव, मांस सगळं तसंच. हिशेब त्या एका कापाने जुळवला.

मोहीम लागू पडली का, हे ठरवणं दिसतं तितकं सोपं नसतं. कूपन वापरणाऱ्यांत पूर्ण किमतीलाही आलेच असते असे पुष्कळ जण असतात. त्यांची सूट म्हणजे कंपनीच्या लेखी शुद्ध नुकसान. काही जण पुढच्या आठवड्यातलं खाणं आजच उरकतात, म्हणजे विक्री वाढत नाही, नुसती अलीकडे सरकते. म्हणून औषधाच्या चाचणीतली युक्ती वापरतात. ॲपवरच्या ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला ऑफर पाठवायची, दुसऱ्याला मुद्दाम काहीच नाही, आणि दोन्ही गटांच्या खर्चातला फरक मोजायचा. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला निम्म्या किमतीचं कूपन आलं आणि तुमचा फोन गप्प असला, तर त्यात तुमच्या आवडीनिवडीचा काही संबंध असेलच असं नाही. कदाचित तुम्ही त्या दुसऱ्या गटात असाल.