कॅम्पबेल बे कसं वसलं?

ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाची बातमी आली की बंदर, विमानतळ, समुद्री कासवं आणि शोंपेन आदिवासी यांच्यावर बोललं जातं, आणि ते व्हायलाच हवं. पण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावं आहेत, त्यांची दखल बहुतेक वेळा एका ओळीत आटोपते. नावांवरूनच कळतं की ही गावं सरकारी कागदावर जन्मली. 1969 पासून तिथे माजी सैनिकांना नेऊन वसवलं गेलं. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र अशा राज्यांतले शिपाई, हवालदार आपापल्या बायकामुलांसह गेले. आज त्यांच्याच जमिनींवरून जो घोळ चालला आहे, त्याची मुळं त्या वसवण्यात आहेत.

बेट कुठे आहे ते आधी बघू. निकोबार गटातलं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दक्षिणेचं बेट, क्षेत्रफळ 900 चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) समुद्रमार्गे 500 किलोमीटरहून लांब. उलट इंडोनेशियाची हद्द दक्षिण टोकापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी मोठी जहाजं या टोकाजवळूनच जातात. या बेटाबद्दल दिल्लीत जे काही ठरलं, ते मुख्यतः या एका गोष्टीमुळे.

परक्यांनी इथे वसाहत करून बघण्याचा इतिहास बराच जुना आहे. 1756 मध्ये डेन्मार्कने तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या आपल्या ठाण्यातून निकोबारवर हक्क सांगितला. माणसं पाठवली, ती तापाने मेली. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. शतकभर हे रडतखडत चाललं. 1846 मध्ये ‘गॅलेथिया’ हे डॅनिश जहाज शास्त्रज्ञ घेऊन आलं आणि बेटावरच्या नदीला व उपसागराला आपलं नाव ठेवून गेलं, तेवढीच डेन्मार्कची कायमची खूण. 1868 मध्ये त्यांनी हक्क ब्रिटिशांना विकून टाकले. ब्रिटिशांनी निकोबारमधल्याच कामोर्ता बेटावर कैद्यांची वसाहत काढली, तीही 1888 मध्ये गुंडाळली.

या सगळ्या काळात बेटावर माणसं नव्हती असं मात्र नाही. आतल्या जंगलात शोंपेन राहत होते, शिकार करत, केवड्याच्या जातीच्या झाडाचं फळ शिजवून खात. किनाऱ्यावर निकोबारी आदिवासींची गावं होती, नारळाच्या बागा होत्या. नकाशा बघून ठरवणाऱ्यांना ती कधी फारशी दिसली नाहीत. स्वतंत्र भारताने 1956 मध्ये आदिवासी संरक्षणाचा खास नियम केला आणि बेट राखीव क्षेत्रात गेलं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

मग 1962 चं युद्ध झालं, 1965 चं झालं. दुसऱ्या युद्धात सुकार्नोंचा इंडोनेशिया उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलत होता. दक्षिण टोकावर आपलं माणूस नाही, ही गोष्ट दिल्लीला बोचू लागली. त्याच वर्षी पुनर्वसन मंत्रालयाच्या आंतरविभागीय पथकाने अंदमान-निकोबारच्या वेगवान विकासाचा अहवाल दिला होता. निर्वासितांना अंदमानात जमीन देण्याचा अनुभव गाठीशी होताच; ग्रेट निकोबारसाठी माजी सैनिक निवडले गेले. तर्क सरळ होता: शिस्तीचा माणूस, अडचणीला न डगमगणारा, वेळ आली तर बंदूक धरणारा. राखीव क्षेत्रातून किनाऱ्याची पट्टी वगळण्यात आली आणि 1969 ते 1980 या काळात सव्वातीनशेहून जास्त कुटुंबं टप्प्याटप्प्याने उतरवली गेली. घरासाठी, भातासाठी आणि बागायतीसाठी अशी तीन प्रकारची जमीन प्रत्येकाला मिळाली.

जमीन मिळाली म्हणजे जंगल मिळालं. वर्षाचे बरेच महिने कोसळणारा पाऊस, जळवा, हिवताप, ओढ्यात मगरी. सीमा सडक संघटनेने किनाऱ्याने दक्षिणेकडे रस्ता काढला आणि दुसरा जंगल चिरून पश्चिमेकडे. अजूनही दक्षिणेकडची ठिकाणं या रस्त्याच्या किलोमीटरने ओळखली जातात. शास्त्रीनगर म्हणजे ‘35 किलोमीटर’. पंजाबचा गहू नि महाराष्ट्राची ज्वारी इथे कामाची नव्हती. भात लावून पाहिला, पण हळूहळू बहुतेकांचा भरवसा नारळ आणि सुपारीवर आला. तिथेही माकडं कोवळे नारळ तोडून टाकतात, आणि ती संरक्षित प्राणी असल्याने शेतकरी हात चोळत बसतो. घरात मराठी, पंजाबी, तमिळ चालली तरी गावाची भाषा हिंदी झाली. मुलांची लग्नं शेजारच्या प्रांतवाल्यांशी होऊ लागली.

माझ्या मते योजनेतली मूळ गडबड इथे आहे. सरकारला या लोकांनी तिथे असणं हवं होतं. त्यांनी पिकवलेलं विकायचं कुठे, याचा विचार नंतर आला आणि अर्धवटच झाला. खोबरं, सुपारी जहाजानेच जाणार, आणि जहाज मधली बंदरं घेत पोर्ट ब्लेअरला पोचायला दीड-दोन दिवस, कधी त्याहून जास्त घेणार. समुद्र खवळला की वेळापत्रकाला अर्थ नाही. गंभीर आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते. वरच्या शिक्षणाला मूल गेलं की ते परत येतंच असं नाही. समुद्राखालची इंटरनेट केबल 2020 मध्ये पोचली, त्याने मोबाइल सुधारला. पण मोबाइलवरून सुपारी पाठवता येत नाही.

26 डिसेंबर 2004 च्या सकाळी भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली. सुमात्राच्या किनाऱ्याजवळचं भूकंपाचं केंद्र इथून जवळ. लाटांनी किनाऱ्याची गावं नेली, पण त्याहून टिकाऊ नुकसान वेगळं होतं: बेटाची जमीनच खचली. दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटजवळ ती चार मीटरच्या आसपास खाली गेली. 1972 पासून उभा असलेला दीपस्तंभ आता समुद्रात आहे. वसाहतवाल्यांची भातखाचरं नि बागा खाऱ्या पाण्याखाली गेल्या, कायमच्या. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत वर्षं काढून लोकांना कॅम्पबेल बेच्या बाजूला नवी घरं मिळाली. उरलीसुरली जमीन मात्र मागे, 35 किलोमीटरवर.

निकोबारींचं आणखी वाईट झालं. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावांतून वाचलेल्यांना राजीवनगर आणि न्यू चिंगेन इथे आणून ठेवलं. ‘तात्पुरतं’ म्हणून आणलं होतं. परत जाऊ द्या, ही मागणी ते तेव्हापासून करत आहेत.

2011 च्या जनगणनेत सगळ्या बेटाची लोकसंख्या 8,000 च्या थोडी वर होती. 2012 मध्ये कॅम्पबेल बेला ‘आयएनएस बाज’ हा नौदलाचा हवाई तळ सुरू झाला. टोकावर पहारा ठेवायला आता निवृत्त हवालदाराची गरज उरली नाही. नीती आयोगाच्या पुढाकाराने आखलेल्या नव्या प्रकल्पात गॅलेथिया उपसागरात मालवाहू कंटेनरचं बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर आहे. सुरुवातीचा अंदाज 72,000 कोटी रुपये, व्याप 166 चौरस किलोमीटर, त्यातलं 130 चौरस किलोमीटर जंगल. काही दशकांत साडेतीन लाख वस्तीचा आराखडा आहे. जानेवारी 2021 मध्ये गॅलेथियाचं अभयारण्य रद्द झालं, नोव्हेंबर 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी आली. तोडलेल्या झाडांची भरपाई म्हणून झाडं लावायला हरियाणा सुचवला गेला, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

वसाहतवाल्यांत या प्रकल्पाबद्दल एकमत नाही, आणि ते साहजिक आहे. पन्नास वर्षं ज्यांनी जहाजाची वाट पाहिली, त्यांना बंदर, दवाखाना, पोरांना नोकरी नकोशी कशी वाटेल? पण विमानतळाची आखणी गांधीनगर-शास्त्रीनगरकडे झाली आहे, म्हणजे त्सुनामीतून वाचलेली जमीन आता संपादनात जाणार. मोबदला किती, बदल्यात जमीन कुठे, हे प्रश्न आता नातवंडं विचारत आहेत.

त्याच पट्ट्याला लागून निकोबारींची त्सुनामीपूर्वीची गावंही येतात. त्यांच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पाला आधी ना हरकत पत्र दिलं होतं. आपली जुनी गावंही प्रकल्पात जात आहेत हे लक्षात आल्यावर तिने नोव्हेंबर 2022 मध्ये ते मागे घेतलं.