सुटलेला चेंडू आणि न गाठलेला चेंडू

२००७ च्या हंगामात फ्लोरिडा मार्लिन्स या बेसबॉल संघाकडे हॅन्ली रामिरेझ नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा होता. मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. आदल्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. या वर्षी त्याने ६३९ पाळ्यांत २१२ हिट मारले (हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं; बेस म्हणजे मैदानातल्या चौकोनाचे कोपरे, चारही फिरून आलं की एक धाव), त्यात २९ होम रन, म्हणजे बेसबॉलमधले षटकारच, शिवाय ५१ बेस पळवले, म्हणजे चेंडू मारला न जाताच पुढचा बेस गाठला. पण जागा शॉर्टस्टॉपची, आणि तिथे याचं क्षेत्ररक्षण इतकं कच्चं की त्या काळच्या बहुतेक मोजमापांनी त्याला लीगमधल्या शॉर्टस्टॉपांच्या तळाच्या रांगेत बसवलं. मग वाद सुरू झाला. याला तिथेच ठेवायचं, की दुसरीकडे हलवायचं?

हा वाद आपल्याला अगदीच परका नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी झाली, तेव्हा वृद्धिमान साहाने लेग साइडला झेपावून घेतलेला झेल पाहून ‘कीपर असावा तर असा’ असं म्हणणारे पुढे सिडनीत गप्प झाले. जानेवारी २०२१ मध्ये ऋषभ पंतने तिथे पहिल्याच दिवशी पुकोव्स्कीला दोनदा सोडलं, आणि त्याच सामन्याच्या चौथ्या डावात ९७ धावा काढल्या. पुढच्या ब्रिस्बेनच्या सामन्यात नाबाद ८९. आपण तो वाद भावनेनेच मिटवला. बेसबॉलवाल्यांनी मात्र त्याचं रीतसर गणित मांडलं.

आधी जागा समजून घेऊ. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. बहुतेक फलंदाज उजखुरे, आणि त्यांनी जोरात ओढलेला चेंडू जमिनीवरून जातो तो याच बाजूला. बेसबॉलमध्ये असा जमिनीवरून गेलेला प्रत्येक चेंडू म्हणजे रन-आउटचा एक प्रयत्नच असतो. फलंदाजाला फर्स्ट बेसपर्यंत २७.४३ मीटर पळायचं असतं, आणि साधारण वेगाचा उजखुरा खेळाडू ते सव्वाचार-साडेचार सेकंदांत पळतो. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने चेंडूपर्यंत जायचं, वाकून ग्लव्हमध्ये घ्यायचा, दुसऱ्या हातात काढायचा आणि तीस-पस्तीस मीटर लांब फेकायचा. नुसता फेकलेला चेंडूच सेकंदभर हवेत असतो. चेंडू त्याच्यापर्यंत यायला दीड-दोन सेकंद गेलेले असतात. उरतात जेमतेम सव्वा ते दोन सेकंद, आणि त्यात पकडणं, सावरणं, फेकणं सगळं बसवायचं.

आता समजा पहिलं पाऊल एक दशांश सेकंद उशिरा पडलं. सेकंदाला पाच मीटर वेगाने पळणारा माणूस तेवढ्यात अर्धा मीटर मागे पडतो, डावीकडेही आणि उजवीकडेही. त्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पट्ट्यातून वर्षभरात जे चेंडू जातील, ते सगळे गेले.

खरी गंमत इथे आहे. हे चेंडू ‘गेले’ हे कुठे लिहिलंच जात नाही.

बेसबॉलच्या धावफलकावर ‘एरर’ म्हणून एक रकाना असतो. सहज घ्यायला हवा होता असा चेंडू खेळाडूने सोडला किंवा भलतीकडे फेकला, की त्याच्या नावावर एक एरर लागतो. तो ठरवतो वर बसलेला अधिकृत गुणलेखक, स्वतःच्या नजरेने. म्हणजे चेंडूपर्यंत धावत जाऊन तो निसटला तर चूक, आणि मुळात तिथपर्यंत पोचलाच नाही तर फलंदाजाने छान मारला! परीक्षेला जो बसलाच नाही तो नापासही होत नाही, त्यातला प्रकार.

डेरेक जीटर हे याचं गाजलेलं उदाहरण. न्यू यॉर्क यँकीजचा एकेकाळचा कर्णधार, ३,४६५ हिट, ‘हॉल ऑफ फेम’च्या मतदानात ३९७ पैकी ३९६ मतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने याच्याविषयी वाकडं बोलायचं तर शेजारी पाहून बोलावं. २०१० मध्ये त्याने पूर्ण हंगामात फक्त ६ एरर केले आणि त्याला गोल्ड ग्लव्ह हा सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार मिळाला, कारकिर्दीतला पाचवा. आणि तरीही, सगळी कारकीर्द जमेस धरून ‘किती चेंडू गाठले’ हे मोजणाऱ्या पद्धतींनी त्याच्या खात्यावर क्षेत्ररक्षणातून दोनशेहून जास्त धावांचं नुकसान लावलं. हाताला लागलेला चेंडू तो सोडत नसे. हाताला लागायचेच कमी.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. सिनसिनाटी रेड्सचा एली दे ला क्रूझ, २०२४ मध्ये वय २२. एरर २९. रकाना पाहून कुणीही म्हणेल, याला आउटफील्डला पाठवा. पण चेंडू आणि खेळाडू यांचा माग काढणारे कॅमेरे आता प्रत्येक मैदानावर आहेत, आणि त्यांच्या हिशेबात तो त्या वर्षी सर्वोत्तम शॉर्टस्टॉपांमध्ये होता. कारण इतर जिथे पोचतच नाहीत तिथे हा पोचतो, आणि तिथून घाईत फेकताना चुकतो.

हा कॅमेऱ्यांचा हिशेब कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. चेंडू किती लांबून जाणार, खेळाडूकडे वेळ किती, पळणाऱ्याचा वेग किती, यावरून प्रत्येक चेंडूला एक शक्यता चिकटवली जाते. साधारण शॉर्टस्टॉप दहापैकी सात वेळा यावर बाद करेल, असं ठरलं तर बाद केल्यावर ०.३ जमा, नाही केल्यावर ०.७ वजा. अवघड चेंडू सुटला तर फारसं बिघडत नाही. सोपा सुटला की जवळजवळ पूर्ण एक वजा. वर्षअखेर बेरीज. गुणलेखकाच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

पण बाद आणि होम रन यांची तुलना कशी करायची? दोन्ही एकाच नाण्यात मोजावे लागतात, आणि ते नाणं म्हणजे धाव. हजारो सामन्यांच्या नोंदींवरून प्रत्येक घटनेची सरासरी किंमत काढलेली आहे. साधा एका बेसचा हिट म्हणजे सुमारे ०.४७ धाव, दोन बेसचा ०.७७, होम रन १.४. बाद होणं म्हणजे साधारण ०.२८ धावेचं नुकसान. (होम रनला नेहमी किमान एक धाव मिळतेच, तर १.४ का? कारण बऱ्याचदा बेसवर आधीच कुणीतरी उभं असतं.)

हे आकडे घेऊन रामिरेझचा २००७ चा हिशेब वहीच्या एका पानावर होतो. १२९ साधे हिट, ४८ दोन बेसचे, ६ तीन बेसचे, २९ होम रन, ५२ वॉक (चेंडू वारंवार चुकीचे टाकले म्हणून फुकट मिळालेला फर्स्ट बेस). सगळ्यांची बेरीज साधारण १६० धावा. त्यातून सव्वाचारशेवर वेळा बाद झाल्याचे १२० वजा. शिल्लक ४०. म्हणजे सरासरी फलंदाजापेक्षा या पोराने संघाला ४० धावा जास्त मिळवून दिल्या. दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक जादा विजय. चार विजय एकट्याच्या बॅटने!

आता दुसरी बाजू. क्षेत्ररक्षणातून त्याने वर्षाला २० धावा घालवल्या असं धरू. एक चेंडू न अडवण्याची किंमत किती? बादाऐवजी हिट झाला, म्हणजे ०.४७ अधिक ०.२८, पाऊण धाव. वीस धावा म्हणजे २७ चेंडू. हंगाम १६२ सामन्यांचा. म्हणजे सरासरी आणि वाईट शॉर्टस्टॉपमधला हा भलामोठा, दोन विजयांचा फरक सहा सामन्यांत एका चेंडूएवढा आहे. रोज मैदानात जाऊन बसणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एकदा एक चेंडू चार बोटं लांबून गेलेला दिसणार, आणि तोही तो बिअर घ्यायला उठलेला असताना. म्हणूनच ‘मी त्याला डोळ्यांनी पाहिलंय, तो चांगला आहे’ या वाक्याला क्षेत्ररक्षणाच्या बाबतीत मी तरी फार किंमत देत नाही.

चाळीसमधून वीस गेले, उरले वीस. बॅटचं पारडं जड. वाद संपला?

नाही, कारण हे दोन आकडे सारख्या भरवशाचे नाहीत. फलंदाजाला वर्षात सातशे संधी मिळतात आणि प्रत्येकीचा निकाल स्पष्ट असतो. क्षेत्ररक्षकाकडे चेंडू शेकड्यांनी येतात खरे, पण त्यातले बहुतेक कुणीही अडवेल असे, आणि उरलेल्यांतले काही कुणालाच न अडवता येणारे. खरा कस लागतो तो मधल्या थोड्याशा चेंडूंवर. नमुना लहान की नशिबाचा वाटा मोठा, हे संख्याशास्त्राचं जुनं दुखणं. म्हणून क्षेत्ररक्षणाचे तीन वर्षांचे आकडे फलंदाजीच्या एका वर्षाइतके भरवशाचे धरावेत, असा या क्षेत्रात एक ढोबळ संकेत आहे. एका वर्षात वजा वीस दिसलं, तर शहाणा विश्लेषक पुढच्या वर्षासाठी वजा दहा-बाराच लिहितो. या दुरुस्तीचा फायदाही पुन्हा बॅटवाल्यालाच.

‘तरुण आहे, सुधारेल’ हा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा लागतो. फलंदाजी साधारण सव्वीस-अठ्ठावीसच्या सुमारास ऐन भरात येते. नजर, चेंडूची निवड, ताकद हे वयाबरोबर वाढतं. पायांचा वेग बहुतेकांचा विशीच्या सुरुवातीलाच शिखरावर असतो. म्हणून शॉर्टस्टॉप कच्चा आहे म्हणजे कशात कच्चा, हे विचारलंच पाहिजे. फेक चुकते, ग्लव्हमधून चेंडू उसळतो, घाई होते, असे दोष रोजच्या हजार चेंडूंच्या सरावाने कमी होतात. पहिलं पाऊलच उशिरा पडतं, हा दोष बावीसाव्या वर्षी असेल तर बत्तिसाव्या वर्षी वाढलेलाच असणार. दे ला क्रूझच्या २९ चुका पाहून मला झोप लागेल. जीटरच्या सहा चुकांवर लागणार नाही.

मग कच्च्या माणसाला दुसऱ्या जागी का हलवू नये? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. जागांनाही किंमत असते. शॉर्टस्टॉपला उभं राहू शकणारे थोडे, म्हणून त्या जागेवर वर्षाला साडेसात धावा जमा धरतात. थर्ड बेसला अडीच. लेफ्ट फील्ड, म्हणजे डावीकडची सीमेजवळची जागा, सोपं, तिथे साडेसात वजा. फर्स्ट बेस, साडेबारा वजा. म्हणजे वजा वीसचा शॉर्टस्टॉप लेफ्ट फील्डमध्ये नेऊन नुसता वजा पाचचा झाला, तर त्या हलवाहलवीतून काहीच पदरात पडलं नाही. वीसमधून साडेसात फेडले तरी साडेबारा, आणि पाचात साडेसात मिळवले तरी साडेबाराच.

फायदा होतो तो दुसरा चांगला शॉर्टस्टॉप आपल्याच घरात बसून असेल तेव्हा. २००४ मध्ये यँकीजकडे अॅलेक्स रॉड्रिगेझ आला, आधीच्या दोन्ही वर्षी शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह घेऊन. आणि जागा बदलली कुणी? रॉड्रिगेझने. तो थर्ड बेसला गेला आणि जीटर होता तिथेच राहिला. गणिताने नव्हे, मानाने सुटलेला प्रश्न.

गोलंदाजी कशी आहे यावरही बरंच अवलंबून असतं. पिचर चेंडू जमिनीवर खेळायला लावणारे असतील तर कच्चा शॉर्टस्टॉप महागात पडतो. आणि २००७ मध्ये एका संघाचे सामन्याला साडेसहाच्या आसपास खेळाडू स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू खेळात न आणताच बाद, होत, आता ते साडेआठच्या आसपास गेलंय. चेंडू खेळातच येत नसेल तर अडवणाऱ्याचं काम तेवढं कमी, आणि बॅटवाल्या शॉर्टस्टॉपला आजचा काळ रामिरेझच्या काळापेक्षा सोयीचा.

तरीही ग्लव्हची कमाई कमी लेखू नये. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ओझी स्मिथने एकोणीस वर्षांत मिळून २८ होम रन मारले; रामिरेझने एका वर्षात २९. जीटरचे २६०. पण बदली खेळाडूपेक्षा किती जादा विजय मिळवून दिले, हा ‘वॉर’ नावाचा एकत्र आकडा पाहिला तर स्मिथ सुमारे ७७ आणि जीटर सुमारे ७१. स्मिथ बेस पळवण्यात तरबेज होता हे खरं, पण ही कमाई मुख्यतः न दिसणाऱ्या त्या चेंडूंची, सहा सामन्यांत एक या हिशेबाने साठलेली.

रामिरेझचं पुढे काय झालं? २००९ मध्ये त्याने .३४२ च्या सरासरीने (हजार पाळ्यांमागे ३४२ हिट) लीगचा फलंदाजीचा किताब जिंकला, शॉर्टस्टॉपलाच उभा राहून. २०१२ मध्ये होसे रेयेस हा दुसरा शॉर्टस्टॉप आला म्हणून त्याला थर्ड बेसला सरकवलं, ते त्याला रुचलं नाही. २०१५ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने त्याला लेफ्ट फील्डला उभं केलं, ती सोपी जागा म्हणून. फेनवे पार्कच्या अकरा मीटर उंच भिंतीखाली तो असा काही गोंधळला की ‘शॉर्टस्टॉप बरा होता’ म्हणायची पाळी आली. त्या वर्षी बॅटही .२४९ वर घसरली. पुढच्या वर्षी त्याला फर्स्ट बेस दिला आणि त्याने ३० होम रन मारले. फर्स्ट बेस म्हणजे शॉर्टस्टॉपपेक्षा बरोबर २० धावांनी खालून सुरू होणारी जागा. म्हणजे तेविसाव्या वर्षी कच्च्या क्षेत्ररक्षणापायी जेवढं त्याच्या खात्यातून जात होतं, तेवढंच आता नुसतं तिथे उभं राहण्यापायी जात होतं.